सौनात टांगलेल्या रायफली

ओली रायफल सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, नेणाऱ्या माणसाशी मी वाद घालत बसत नाही. एकदा सांगते, दुसऱ्यांदा ओरडते आणि तिसऱ्यांदा दार आपटून निघून जाते. त्या शनिवारी मी हे तिन्ही केलं.

सकाळपासून आभाळातून नुसती राबडी पडत होती. पाऊस म्हणावा तर दाट, बर्फ म्हणावा तर पातळ. होइक्कालाच्या जंगलात आमची टोळी दिवसभर आपापल्या ठिय्यांवर उभी राहिली आणि मूस हरणाचं शेपूटसुद्धा कुणाला दिसलं नाही. अंधार पडता पडता शिकारघरी परतलो तेव्हा बुटांत पाणी, बाह्यांत पाणी आणि प्रत्येकाच्या रायफलीतून ठिबक ठिबक चाललेली. यंदाचा एकच परवाना उरला होता, एका नराचा, आणि हाताशी उरला होता फक्त रविवार.

त्या एका नरावर माझं काय अडलं होतं ते आधी सांगते. मोठ्या दगडाचा ठिय्या. माझे वडील अर्मास आयुष्यभर त्या दगडाला पाठ टेकून उभे राहिले. जंगलातली सगळ्यात मोक्याची जागा ती. हाकारा सुरू झाला की मूस टेकडीच्या धारेवरून उतरतो आणि थेट त्या दगडासमोर येतो. शेवटच्या काही वर्षांत वडिलांचे हात थरथरायला लागले, तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभी राहायचे. गोळी मी झाडायचे आणि वॉकीटॉकीवर "पडला" असं ते सांगायचे. हे टोळीत सगळ्यांना ठाऊक होतं. टोळीचा प्रमुख उर्पो मात्र ठाऊक नसल्यासारखं करायचा.

वसंतात वडील गेले. शरदात शिकार सुरू झाली तेव्हा उर्पोने त्या दगडापाशी आपल्या जावयाला उभं केलं. नीलो त्याचं नाव, तांपेरे शहरात राहतो, नवी कोरी रायफल, तिच्यावर माझ्या गाडीपेक्षा दिमाखदार दुर्बीण. "ठिय्या म्हणजे काही शेत नव्हे, बापाकडून लेकीकडे जायला," उर्पो म्हणाला. मी सबंध हंगाम त्याच्याशी भांडले. शेवटी त्या शनिवारी सकाळी, कॉफी पिताना, तो वैतागून सगळ्यांदेखत म्हणाला, "बरं बाई! शेवटचा नर ज्याच्या गोळीने पडेल, मोठा दगड त्याचा. कायमचा. झालं समाधान?"

आणि त्याच दमात त्याने मला बेडूक-दलदलीवर पाठवलं!

बेडूक-दलदल म्हणजे ठिय्यांच्या रांगेचं अगदी टोक. तिथवर यायचं तर मूसला आधी नीलो, मग वेइयो, मग खुद्द उर्पो ओलांडावा लागतो. तिघांना ओलांडून जिवंत आलेला मूस आजवर त्या दलदलीने पाहिला नव्हता. मला चहूबाजूंनी बांधून घालून 'पळ' म्हणण्यातला हा प्रकार. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि तशाच अंगाने मी दिवसभर राबडीत भिजत उभी राहिले होते.

तर, संध्याकाळी शिकारघराच्या अंगणात उर्पो ओरडला, "आणा रे सगळ्या रायफली इकडे! सौना तापलाय. बाहेरच्या खोलीत टांगू या. सकाळपर्यंत खडखडीत होतील."

"उर्पो, आत नेऊ नकोस त्या," मी म्हटलं. "गार लोखंडाला गरम वाफ लागली की त्याला घाम फुटतो. बाहेरून तर फुटतोच, आत बोल्टमध्ये, काडतुसावर आपटणाऱ्या पिनेपाशीही फुटतो. आभाळ निवळायला लागलंय, उद्या कडक थंडी पडणार. ते सगळं पाणी आतल्या आत गोठेल."

"लोखंडाला घाम!" उर्पो टोळीकडे वळला. "ऐकलंत का रे? उद्या सर्दी पण होईल तिला. एक स्वेटर विण बघू रायफलीसाठी, पोरी."

सगळे खो खो हसले. मी एक्कावन्न वर्षांची, आणि हा मला पोरी म्हणतो.

"पोरी म्हणू नकोस."

"बरं, आजी म्हणतो."

"न्यायच्याच असतील तर निदान बोल्ट काढा, उघडा, पुसा!" आता मी ओरडतच होते. "अख्ख्याच्या अख्ख्या काय टांगताय? डुकराच्या तंगड्या आहेत का त्या, धुरी द्यायला?"

"हे बघ तैमी, माझा जन्म सौनात झाला," उर्पो छातीवर हात ठेवून म्हणाला, "मला आजवर गंज चढलाय का?"

 खरं सांगायचं तर चूक एकट्या उर्पोची नव्हती, आमच्या अख्ख्या मुलखाची होती. आमच्याकडे सौनात काय सुकत नाही? मोजे, बूट, जाळी, सगळं तिथेच. ताप आला, सौना. कंबर धरली, सौना. नवरा-बायकोचं वाजलं, सौना. तेव्हा ओल्या रायफलीलाही सौना, ही अक्कल फक्त आमच्याच डोक्यातून निघू शकते. दुसऱ्या कुठल्या मुलखात असा गाढवपणा कुणाला सुचणार नाही. आत मंडळी तापल्या दगडांवर घमेलं-घमेलं पाणी मारणार, वाफेचे लोट दाराच्या फटीतून बाहेरच्या खोलीत येणार, आणि तिथे रायफली गार अंगाने ती वाफ पीत लटकणार!

मी दार आपटलं आणि माझी रायफल घेऊन कोठारात गेले.

कोठाराला शेगडी नाही, ऊब नाही, पण छप्पर पक्कं आणि कुलूप मजबूत. रायफल वडिलांचीच, लाकडावर त्यांच्या हाताचा काळा डाग आहे. मी कंदील लावला आणि रागारागात कामाला लागले. बोल्ट काढला, उघडला, पिन आणि स्प्रिंग सुटी केली. जुनं जाड तेल पेट्रोलच्या फडक्याने पार धुऊन काढलं, कारण थंडीत त्या तेलाचा चिकट मध होतो. सगळं कोरडं केलं, फुंकर मात्र मारली नाही. फुंकरीतही पाणी असतं, त्यावरून लहानपणी मी वडिलांची बोलणी खाल्लेली आहेत. मग बोटाच्या टोकावर पातळ तेलाचा थेंब घेऊन तो नुसता लावल्यासारखा केला. नळीतून कोरडं फडकं ओढत राहिले, ते जसंच्या तसं पांढरं बाहेर येईपर्यंत. शेवटी नळीच्या तोंडावर चिकटपट्टी लावली. बर्फ आत जात नाही आणि गोळी तिला जुमानत नाही.

वेइयो दारात येऊन उभा राहिला. आमच्या टोळीतला विदूषक, लालबुंद, अंगातून वाफा निघतायत, कमरेला नुसता टॉवेल. "बाई, सॉसेज भाजलंय. रायफलीची मालिश झाली असेल तर या."

"तुझी पण आण की. देते करून."

"कशी आणू? उर्पो त्या खोलीच्या दारात उघडाबंब बसलाय, राखणीला. त्याला ओलांडून जायची माझी हिंमत नाही. माझे डोळे अजून चांगले आहेत, मला ते जपायचेत."

मी हसले, पण सॉसेज खायला गेले नाही. कोठाराला कुलूप घातलं आणि झोपले.

सकाळी बाहेर पडले आणि नाकातले केस ताठ झाले. आभाळ लख्ख, पारा उणे चौदावर. कालची राबडी दगडासारखी घट्ट, पाऊल टाकलं की कर्रकन वाजणारी. कोठार उघडलं. रायफल आणि बाहेरची हवा, दोघी सारख्याच गार. रिकाम्या रायफलीचा चाप ओढून पाहिला. टक्! कोरडा, करकरीत आवाज. अहाहा!

अंगणात उर्पो आपली रायफल उंच धरून उभा होता. "बघ पोरी, कशी झगमगतेय!"

झगमगत होती खरी. पण आम्ही जंगलाच्या वाटेला लागेपर्यंत सगळ्यांच्या नळ्यांवर साय धरल्यासारखा पांढुरका थर आला. उर्पोने तो बाहीने पुसला आणि माझ्याकडे पाहायचं टाळलं.  दोनदा सांगून झालं होतं, आता तिसऱ्यांदा कोण घसा फोडणार!

दलदलीच्या काठावर एका खोडावर बसले. समोर गोठलेलं पाणी, पलीकडे वाळक्या झुडपांची रांग. इथे मूस येणार नाही हे मला माहीत होतं, तरी नजर त्या रांगेवरून हटत नव्हती. त्या दगडापाशी आता नीलो उभा असेल. आता कधीही तिकडून धाडकन आवाज येईल आणि वडिलांची जागा गेलेली असेल. त्या आवाजाची मी वाट पाहत होते आणि तो येऊच नये म्हणून दात आवळून बसले होते.

लांबून भुंकणं आलं. हाकाऱ्याला गेलेल्या सुलोचा कुत्रा, तुर्रे! वॉकीटॉकी खरखरली आणि सुलोचा धापा टाकणारा आवाज आला, "उठवला! नर आहे! केवढा रे हा! डोक्यावर झाड घेऊन पळतोय! धारेवरून खाली निघालाय, नीलो, तुझ्याकडे!"

संपलं, मी मनात म्हटलं. डोळे मिटले.

काहीच नाही. आवाजच नाही.

"नीलो?" उर्पो कुजबुजला. "नीलो! दिसला का?"

"दिसला," नीलोचा आवाज रडवेला झाला होता. "माझ्यासमोरून गेला. चाप ओढला. काहीच झालं नाही."

"काहीच नाही म्हणजे काय? सेफ्टी काढली होतीस का?"

"काढली होती!"

"मग पुन्हा ओढ!"

"कुणावर ओढू? तो वेइयोकडे गेला!"

मी उभीच राहिले. कान टवकारले.  वेइयो जुना शिकारी, त्याचा नेम चुकत नाही. आला, आला... आणि वॉकीटॉकीवर वेइयो अगदी शांतपणे म्हणाला, "टिक्."

"काय टिक्?"

"माझी रायफल टिक् म्हणाली. आमच्या आजीचं घड्याळ याहून जोरात वाजतं. नर माझ्याकडे बघून गेला, उर्पो. दया आल्यासारखा बघून गेला."

"बावळटांनो!" उर्पो आता कुजबुजत नव्हता, अख्ख्या जंगलाला ऐकू जाईल असा ओरडत होता. "कुणाला काही जमत नाही! व्हा बाजूला, माझ्याकडे येतोय तो!"

मग शांतता. इतकी शांतता की माझ्या टोपीवर झाडांतून पडणारे बर्फाचे कण मला ऐकू येत होते. उर्पोच्या समोरची जागा मोकळी आहे, तिथे आंधळ्याचाही नेम लागेल. धाड म्हणून आवाज व्हायलाच हवा होता.

झाला नाही. त्याऐवजी वॉकीटॉकीवर आली एक लांबलचक, जीव तोडून दिलेली शिवी, तिच्यात सैतान आणि त्याचं सगळं खानदान आलं.

"काय झालं, उर्पो?" वेइयोने गोड आवाजात विचारलं. "सर्दी झाली का तिला?"

कुणी हसलं नाही. मग उर्पोचा आवाज आला. "तैमी. तुझ्याकडे येतोय."

नाव घेतलं! पोरी नाही, आजी नाही, तैमी!

आणि मला तो ऐकू आला. आधी फांद्या मोडल्याचा आवाज, मग खुरांचा. झुडपं फुटली आणि तो बाहेर आला. काळाभोर, घोड्याहून उंच, अंगावर बर्फाची झूल, नाकपुड्यांतून वाफेचे दोन खांब. तिघांना ओलांडून आलेला, जिवंत! दलदलीच्या काठाशी तो क्षणभरही थांबला नाही, सरळ बर्फावर उतरला.

मी रायफल खांद्याला लावली, दुर्बिणीला डोळा लावला आणि समोर सगळं पांढरं! माझाच श्वास. इतका वेळ तोंड उघडं टाकून धापा टाकत होते ना! काचेवर वाफ बसून गोठली होती. अगं मूर्ख बाई, अख्ख्या टोळीला शहाणपण शिकवलंस आणि स्वतः काचेवर फुंकर घातलीस! मनातल्या मनात मी स्वतःला उर्पोच्याच शिव्या दिल्या.

पुसावी तर हातमोज्यावर बर्फ. दातांनी हातमोजा ओढला, थुंकला, उघड्या अंगठ्याने काच चोळली. तिकडे कडाड् करून बर्फ फुटला. नराचे पुढचे पाय गुडघ्यापर्यंत आत गेले! दलदलीच्या पाण्यावरचा बर्फ रातोरात धरलेला, पातळ होता. तो धडपडला, फुरफुरला, पाय उपसून काढायला लागला. तेवढा वेळ मला मिळाला.

तोंड बाजूला वळवून श्वास सोडला आणि पुन्हा घेतलाच नाही. डोळा लावला. काचेच्या मधोमध हातभर नाही, बोटभर जागा स्वच्छ. त्या बोटभर जागेत आधी झुडूप, मग शिंग, मग मान, मग खांदा. तो बर्फातून वर आला, माझ्यापुढे पूर्ण आडवा झाला.

चाप ओढला.

अख्खं जंगल हादरलं. वाजली! माझ्या बापाची रायफल वाजली!

आणि नर धावतच सुटला. पलीकडच्या झुडपांत घुसला आणि दिसेनासा झाला. मी दुसरं काडतूस चढवलं, पण कुणावर झाडणार? समोर नुसत्या हलणाऱ्या फांद्या. चुकले का? खांद्यावर धरला होता, की मानेवर? तुर्रे माझ्या जवळून बाणासारखा गेला आणि झुडपांत शिरला. भुंकला, भुंकला, पुन्हा भुंकला. आणि थांबला. वॉकीटॉकीवर सगळे एकदम ओरडत होते, कोण होतं, काय झालं, लागली का, आणि माझ्याच्याने बटण दाबवत नव्हतं.

फुटका बर्फ टाळून, काठाकाठाने वळसा घालून, रायफल रोखूनच मी पलीकडे गेले. तो पडला होता. एका गोळीत, खांद्यामागे, असायला हवी तिथेच. तुर्रे त्याच्या पाठीवर पुढचे पाय ठेवून शेपूट हलवत होता.

मी बटण दाबलं. "पडला," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मी स्वतः उच्चारला, आणि मग बर्फात फतकल मारून हसत सुटले. तुर्रेने माझं सगळं तोंड चाटून काढलं.

दुपारपर्यंत नर आमच्या मांस कापायच्या शेडमध्ये आला. कातडं निघालं, मांस कापलं गेलं, सगळे हात रक्ताने आणि चरबीने माखले. नीलो माझ्या शेजारी सुरी चालवत होता. मध्येच हळूच म्हणाला, "रायफलीला स्वेटर कसा विणायचा ते मला शिकवशील?" वाईट मुलगा नाही तो. वेइयो दर थोड्या वेळाने कुणाच्या तरी कानात "टिक्" म्हणत होता. सगळे बोलत होते. बोलत नव्हता फक्त उर्पो. नर पडल्यापासून त्याने माझ्याकडे डोळा वर करून पाहिलं नव्हतं, आणि दगडाविषयी तर चकार शब्द नाही. दिलेला शब्द गिळणार की काय, म्हणून माझी सुरी हाडावर जोरजोरात आपटायला लागली.

मग वाटे घातले. ताडपत्रीवर सारखे ढीग लावायचे, एकाने सगळ्यांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करायचं, दुसऱ्याने एकेका ढिगावर काठी ठेवून विचारायचं. पाठमोरा नाव घेईल त्याचा तो वाटा. ढीग न बघता नाव घेतलेलं, त्यामुळे भांडण नाही. पाठ करायचा मान प्रमुखाचा. उर्पो भिंतीकडे वळला. वेइयोने काठी ठेवली.

"हा कोणाचा?"

"सुलोचा."

"हा कोणाचा?"

"नीलोचा."

असं करत करत शेवटचा ढीग आला.

"हा कोणाचा?"

"तैमीचा."

आता वळायचं, हात धुवायचे आणि कॉफी. पण उर्पो वळेना. त्याची मान कानापर्यंत लाल झाली होती. "आणि मोठा दगड," तो भिंतीला म्हणाला, "तोही तिचाच."

दुसरी एखादी असती तर तिने तेवढ्यावर गोड मानून घेतलं असतं. मी नाही. अख्खा हंगाम माझं रक्त आटलं होतं.

"भिंतीला काय सांगतोस, उर्पो? मला सांग. तोंड इकडे करून."

 उर्पो सावकाश वळला. मला वाटलं होतं, रागाने फणफणत असेल. पण त्याचे डोळे भरून आले होते. हा उर्पो, लग्नात आणि मयताला सारखंच तोंड करून उभा राहणारा!

"अर्मास दगडापाशी आणि मी माझ्या जागी, सगळं आयुष्य असंच गेलं," तो म्हणाला. "माझ्या ठिय्याकडे जाणारी वाट त्या दगडावरूनच जाते. तू तिथे अगदी त्याच्यासारखी उभी राहतेस. एक खांदा पाडून. मला ते बघवत नाही, तैमी. म्हणून तू नको होतीस तिथे. बाकी काही नाही."

 मी इतके महिने ज्या माणसावर दात ओठ खात होते, तो माझ्याच बापासाठी झुरत होता, आणि हे त्याला बोलता येत नव्हतं, मला दिसत नव्हतं.

"दगड तुझा," उर्पो नाक पुसत म्हणाला. "फक्त एक कर. टोपी दुसरी घाल. ही त्याची आहे."

टोपी मी मुळीच बदलणार नाही, असं त्याला तिथल्या तिथे सांगितलं. आणि मग सगळ्या टोळीसमोर, रक्ताने माखलेल्या हातांनी एकमेकांना धरून, आम्ही दोघं ढसाढसा रडलो.